घरचं. पुसू नये

पुसणीबाईंना हे नाव कुणी दिलं ते आता कुणालाच सांगता येणार नाही. विचारायला जाल तर संग्रहालयातला प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवेल. नाव मात्र चपखल बसलं. तीस वर्षं बाई एकच काम करत आल्या होत्या: जुनी फिल्म स्कॅनरखाली जाण्याआधी ती स्वच्छ करून द्यायची. धूळ, बोटांचे डाग, बुरशी, चिकटपट्टीचा राहिलेला डिंक, कधी एखाद्या माशीचा वाळलेला पाय. लोकांना वाटतं, त्यात काय एवढं, फडकं घ्यायचं आणि पुसायचं. असं म्हणणाऱ्याकडे बाई चष्म्यावरून अशा काही बघत, की तो पुन्हा त्या खोलीत आला तर हात पाठीमागे बांधूनच उभा राही.

बाईंच्या टेबलाचे कायदे होते. फिल्म धरायची ती कडेनं, सुती हातमोजे घालून. धूळ उडवायची ती रबरी पंपानं. तोंडानं फुंकर मारणाऱ्याला त्या सरळ खुर्चीवरून उठवत, कारण फुंकरीबरोबर थुंकी उडते आणि तिचा डाग जन्मभर जात नाही. मग मऊ कुंचला. त्यानंही भागलं नाही तर शुद्ध स्पिरिट, तेही काडीला गुंडाळलेल्या कापसावर, आणि एक काडी एकदाच फिरवायची. फिल्मची एक बाजू चकचकीत असते, ती बरंच सोसते. दुसरी बाजू मळकट दिसते. चित्र त्या बाजूला असतं, जिलेटिनच्या पातळ थरात. पाण्याचं तर नावही काढायचं नाही. बुरशीनं तो थर आतून खाऊन ठेवलेला असला, तर ओला कापूस लागायचा अवकाश, माणसाचं तोंड विरघळून काडीवर येतं. नव्या माणसाला बाई एवढंच सांगत, की काडीवर मळ आला तर मळ आहे, आणि करडं आलं तर माणूस आहे, तिथे थांबायचं.

आणि या सगळ्याच्या आधीचा कायदा असा, की हात लावण्यापूर्वी फिल्म तिरप्या उजेडात धरून बघायची, तिच्यावर कुणी रिटचिंग तर केलेलं नाही ना. हा कायदा बाईंना कुठल्या पुस्तकानं शिकवला नव्हता. त्यांचे बाबाच रिटचर होते. एका फोटो स्टुडिओत खिडकीशी बसून त्यांनी चाळीस वर्षं लोकांच्या निगेटिव्हवर काम केलं. टोकदार पेन्सिलनं देवीचे व्रण बुजवले, सुरकुत्या काढून टाकल्या, आणि जे नको असेल त्याच्यावर विटकरी लाल रंग भरला. निगेटिव्हवर जिथे हा रंग बसतो तिथून उजेड जात नाही, आणि कागदावर ती जागा पांढरीफटक येते. मागची पोपडे आलेली भिंत, लोंबणारी वायर, मोडलेलं लग्न, बाबांनी सगळं पांढऱ्यात घालवलं. माणूस मितभाषी. तोंडातून शब्द काढायचा म्हणजे जिवावर येई.

घरात बाहेरच्या खोलीत एक फोटो होता. चार-साडेचार वर्षांची मुलगी, ठिपक्यांचा फ्रॉक, मागे शुभ्र पांढरं, डाव्या हातात पांढरा रुमाल, आणि हसताना गालाला पडलेली खळी. हा बाईंचा लहानपणचा फोटो. आई रोज सकाळी उठली की आधी त्या फोटोची काच पुसायची, मग तोंड धुवायची. काचेवर डाग नसला तरी पुसायची. लहानपणी बाईंना त्याचा केवढा तोरा! आई आपल्याला जवळ घेत नाही, वेणी घालताना मागे उभी राहते आणि तोंडाकडे बघत नाही, पण प्रेम आहे बरं का, ते बघा भिंतीवर. पोरीनं यावर समाधान मानलं आणि मोठी झाली.

फोटोत एकच खोट होती. बाईंच्या खळीची जागा डावा गाल, आणि फोटोत ती उजव्या गालावर. आता ज्याच्या घरात फोटोचं काम चालतं त्या घरात याचं कारण शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. छापताना फिल्म उलटी बसली, की डाव्याचं उजवं होतं. झालं. बाईंनी त्यावरून बाबांना आयुष्यभर छळलं. जगाचे फोटो सुलटे आणि पोटच्या पोरीचा तेवढा उलटा, वा रे कारागीर! बाबा मान खाली घालून हसत आणि म्हणत, चुकलं खरं. एका शब्दानं कधी उलट बोलले नाहीत. वास्तविक या माणसाच्या हातून दुसरी कुठली फिल्म उलटी छापली गेल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं, पण हे लक्षात यायला बाईंना छप्पन्न वर्षं लागली.

बाबा जाऊन आता नऊ वर्षं झाली होती. आई ब्याऐंशीची. दोघी मायलेकी त्याच जुन्या घरात, दुसऱ्या मजल्यावर. बाईंनी लग्न केलं नाही, का केलं नाही हे विचारणारेही एकेक करून थकले. आई त्यांना 'धाकटे' म्हणून हाक मारी. घरात मोठं भावंड नसताना धाकटी कशी, हा प्रश्न बाईंनी लहानपणी विचारला होता. घरात सगळ्यांत लहान तूच ना, म्हणून, असं बाबांनी सांगितलं. उत्तर पटण्यासारखं होतं. मूल काय, जे सांगाल ते गिळतं.

दोन वर्षांपूर्वी दुपारचं ते सुरू झालं.

चार वाजले की आई अस्वस्थ होई. पलंगावर उठून बसे, कान देऊन ऐके, आणि म्हणे, दार उघड, ती बाहेर उभी आहे. कोण उभी आहे? ती. पहिल्या दिवशी बाई सुट्टीत घरीच होत्या, त्यांनी दार उघडलं. जिना, कठडा, समोरच्यांचं पायपुसणं. कुणी नाही. तसं सांगितलं तर आई चिडली, नीट बघ म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे. दिवसा आईजवळ बसायला ठेवलेल्या बाई म्हणाल्या, मला भीती वाटते हो, त्या अशा बोलतात की मलाच कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं. शेवटी पुसणीबाईंनीच कामाची वेळ बदलून घेतली. सकाळी सातला जायचं आणि साडेतीनला घरी.

आणि खरं सांगायचं तर त्यांनाही वाटायला लागलं होतं. कबूल कोण करणार? रोज चारला दार उघडायचं, रिकाम्या जिन्याकडे बघायचं, आणि दार लावल्यावर उगाच पुन्हा एकदा कडी तपासायची. एकदा तर त्या दार उघडून बाजूला सरकल्या. कुणाला तरी आत यायला वाट द्यावी तशा. सरकल्यावर आपण काय केलं ते कळलं, आणि मग त्यांनी त्या दिवशी घरातले सगळे दिवे दुपारीच लावले.

त्यात भर म्हणून ते स्वप्न. ते तर जुनंच, कळायला लागल्यापासूनचं. स्वप्नात काही भयंकर घडत नसे. एक तपकिरी दार, त्याच्यासमोर त्या उभ्या, हातात कापडी पिशवी. मावशीचा हात खांद्यावर. दार बोटभर उघडतं, फटीत एक डोळा दिसतो, आणि दार लागतं. बस, एवढंच. मग नुसतं उभं राहायचं. घरचं दार पांढरं होतं, म्हणून बाईंनी त्या दाराचा कधी शोध घेतला नाही. कडीपाशी पांढऱ्याचा टवका उडालेला होता आणि खालून तपकिरी दिसत होतं, पण रोजच्या डोळ्यांना असलं दिसत नाही.

गेल्या महिन्यात आई स्वतःच उठली आणि दार उघडून जिना उतरायला गेली. बाई स्वयंपाकघरात दूध तापवत होत्या. आवाज आला तेव्हा आई चार पायऱ्या खाली पडलेली. हाड वाचलं, कंबर काळीनिळी झाली. डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेतलं. पुढच्या वेळी हाड मोडेल, आणि या वयात मोडलेलं हाड माणसाला घेऊन जातं. एक तर दुपारी झोपेचं औषध द्या, नाहीतर पलंगाला कठडा लावून बांधून ठेवा. औषधानं ती हळूहळू उठायचीच बंद होईल, तेही सांगतो. काय ते ठरवा, पण या आठवड्यात ठरवा.

बाईंनी ठरवलं नाही. पलंगाकडे बघायच्या आणि उठून दुसऱ्या खोलीत जायच्या. आईला बांधायचं! आणि कशासाठी, तर ती कुणाला तरी आत घ्या म्हणते म्हणून.

बाबांचा तो स्टुडिओ कधीच बंद झाला होता. त्याच आठवड्यात मालकाच्या मुलीनं तळघर रिकामं केलं आणि निगेटिव्हच्या सत्तर पेट्या संग्रहालयाला देऊन टाकल्या. पेट्यांना ओलीचा असा वास होता, की बाईंनी त्या दोन दिवस व्हरांड्यातच ठेवायला लावल्या. एका पेटीच्या तळाशी जुन्या कागदाचं एक पाकीट निघालं. त्यावर बाबांचं अक्षर. बारीक, सरळ, एकही काना तिरका नाही. 'घरचं. पुसू नये.'

मालकाची मुलगी म्हणाली होती, काकांचं काही सापडलं तर तुम्हीच ठेवा. बाईंनी पाकीट टेबलावर घेतलं. पुसू नये हे वाचून त्यांना हसू आलं. बाबा, शिकवलंत कुणाला हो, आणि सांगताय कुणाला. हातमोजे चढवले, कडेला धरून फिल्म बाहेर काढली. पत्त्याच्या पानापेक्षा जरा लहान. तिरप्या उजेडात धरली. ठिपक्यांचा फ्रॉक दिसला. भिंतीवरच्या फोटोची निगेटिव्ह. हिच्यासाठी बाबांना केवढं छळलं होतं त्यांनी, शोधा आणि नीट छापून द्या म्हणून. बाबा म्हणाले होते, हरवली.

मुलीच्या मागचा सगळा भाग विटकरी रंगानं भरलेला होता. बाबांच्या हातची रेघ, केसभरही इकडेतिकडे नाही. उजेडाच्या पेटीवर ठेवली तशी तो रंग ठार काळा दिसायला लागला आणि मधोमध ती पोर उमटली. रंगाच्या कडेनं बुरशीची जाळी पसरली होती.

सवयीनं बाईंनी आधी फिल्मची कड वाचली. कडेला कंपनीचं नाव आणि आकडे छापलेले असतात. ते सुलटे वाचता आले, की फिल्म सुलटी. आले. मग त्यांनी पोरीच्या गालावर भिंग धरलं. खळी उजव्या गालावर.

बाईंनी फिल्म उचलली, पालथी केली, पुन्हा उताणी केली. आकडे सुलटे, खळी उजवीकडे. आकडे उलटे केले तरच खळी डावीकडे येई. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं होतं, डाव्याचं उजवं होत नाही. तीस वर्षं हे काम केलेल्या बाईला हे कुणी सांगायला नको होतं. तरी त्या उठल्या, हात धुवायच्या जागी गेल्या, आरशासमोर उभ्या राहून दात काढून हसल्या, आणि गालाला बोट लावून बघितलं. डावा. मागून कुणी आलं असतं तर बाईंचं डोकं फिरलं म्हणून बोंब झाली असती.

परत येऊन बसल्या. बाबांनी फोटो उलटा छापलाच नव्हता. बाबा चुकलेच नव्हते. फोटो बरोबर होता, आणि त्यातली मुलगी त्या नव्हत्या.

हे वाक्य मनात उमटलं तेव्हा त्यांना आधी आठवली ती आईच्या हातातली काच पुसायची चिंधी. पन्नास वर्षं, रोज सकाळी. ते त्यांच्यासाठी नव्हतंच. जे एवढंसं प्रेम आपलं म्हणून त्यांनी जपलं होतं, ते दुसऱ्याच कुणाचं तरी होतं. बाईंना इतकं वाईट वाटलं, की त्या छप्पन्न वर्षांच्या आहेत हे विसरून त्यांनी लहान मुलासारखा हुंदका दिला, आणि लगेच तोंड वळवलं. फिल्मवर थेंब पडला असता.

मग राग आला. बाबांचा. हरवली म्हणे! आणि तिच्या हातात रुमाल म्हणे! त्यांनी त्या रुमालावर भिंग धरलं. रंगाचाच ठिपका, त्यावर सुईनं ओरखडून चुण्या काढलेल्या. काय कारागिरी. चार वर्षांच्या पोरीच्या मुठीत रुमाल नव्हता, तर बाबांना झाकायचं असं काय होतं?

पुसू नये.

बाईंनी मनाशी हिशेब मांडला. रंग काढला तर बाबांचं काम कायमचं गेलं. हा रंग डिंकात कालवलेला असतो, त्याला स्पिरिट हलवत नाही, पाणी लागतं. पाणी लागलं आणि बुरशीनं खालचा थर खाल्लेला असला, तर रंगाखाली जे कुणी असेल ते रंगाबरोबर जाईल. दुसरी प्रत नाही. एकदाच बघायला मिळेल, तेही मिळालं तर. पण घरी पलंगाला कठडा लावायचा की औषध द्यायचं, याचं उत्तर डॉक्टरांना परवा द्यायचं होतं, आणि आई दोन वर्षं ज्या कुणाला आत घ्या म्हणत होती ती जर या रंगाखाली असेल, तर तिला तिथेच ठेवायचा अधिकार बाबांनाही नव्हता. असं बाई मनाशी म्हणाल्या, आणि मोठ्यानंही म्हणाल्या असाव्यात, कारण पलीकडच्या टेबलावरच्या स्कॅनरवाल्यानं मान वर केली.

आधी त्यालाच फिल्म दिली. जशी आहे तशी स्कॅन कर म्हणाल्या. न पुसता? बाई, आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय, असं काहीतरी तो बोलायला गेला, आणि त्यांचं तोंड बघून कामाला लागला.

मग त्यांनी स्पिरिटात पाण्याचे मोजून काही थेंब घातले. रंग सुटेल, पण थर फुगणार नाही, इतकेच. काडीला कापूस गुंडाळला. खालच्या कोपऱ्यात, जिथे नुसती जमीन असणार, तिथे एक हलका हात फिरवला. काडीवर लाल आलं. दुसरी काडी. लाल. जमिनीवर एक बूट दिसला, लहान मुलाचा, पट्ट्याचा. तसाच बूट पलीकडच्या पोरीच्या पायात होता.

बाई वर सरकत गेल्या. पाय. मोजा घसरलेला. फ्रॉकची झालर, आणि झालरीवर ठिपके. एकाच ताग्यातून शिवलेले दोन फ्रॉक. त्यांनी तो रुमाल पुसला. दोन काड्यांत गेला. खाली रुमाल नव्हता, दुसरी मूठ होती. एका पोरीनं दुसरीचा हात गच्च धरलेला, फोटोवाल्याला भ्याल्यासारखा.

त्या क्षणी बाईंना आपल्या उजव्या हातात काहीतरी जाणवलं. गरम, लहान, घामेजलेलं. मोज्याच्या आत. त्यांनी काडी खाली ठेवली आणि हात टेबलाखाली धरून बसल्या. लहानपणी त्या स्वतःला 'आम्ही' म्हणत. आम्हाला भूक लागली, आम्ही झोपतो. घरात येणारे जाणारे हसत, महाराणीसाहेब म्हणून मुजरे करत. आई मात्र उठून आत जाई.

तोंड राहिलं होतं. तिथेच बुरशी सगळ्यात दाट. बाईंनी हनुवटीकडून सुरुवात केली. लाल. ओठांचा कोपरा. लाल. डावा गाल. लाल. गालावर खळी.

पुढची काडी नाकाकडे वळली आणि कापसावर लालात एक करडी रेघ आली.

बाई थांबल्या. काडी तशीच उचलली. श्वाससुद्धा बाजूला तोंड करून सोडला. अर्ध्या तोंडावर बाबांचा रंग तसाच राहिला, अर्धं उघडं पडलं. त्या अर्ध्यात ती खळी होती, आणि ती कुणाची हे विचारायला त्यांना आरसा लागणार नव्हता. बाबांनी ज्या पोरीला झाकलं होतं ती मेलेली नव्हती. ती इथे बसली होती, हातात काडी घेऊन.

स्कॅनरवाल्यानं फिल्म पुन्हा स्कॅन केली, कागदावर काढून दिली, आणि फोटोकडे आणि बाईंकडे आळीपाळीनं बघितलं. भला माणूस. बाई, मी जिन्यापर्यंत येतो, एवढंच म्हणाला, आणि खरोखर आला.

घरी जाताना बाईंच्या डोक्यात एकच घोळत होतं. जुळ्या होतो, ती गेली, मी राहिले, एवढं तर कळलं. ज्यांना माहीत होतं ते बोलले नाहीत, आणि मग ते उरलेही नाहीत. पण आईची गेलेली पोर तर भिंतीवरच होती, रोज डोळ्यांसमोर, चकचकीत काचेखाली. तिला बाहेर शोधायचं कारण काय? मग चार वाजता दाराबाहेर उभी असते ती कोण?

साडेतीनला त्या पोचल्या. आईजवळच्या बाई चप्पल घालून तयारच होत्या, निघून गेल्या. बाईंनी आईला उशीला टेकवून बसवलं आणि फोटो तिच्या मांडीवर ठेवला.

आईचं बोट पुढे आलं आणि उजव्या गालाच्या खळीवर टेकलं.

"ही माझी मोठी," आई म्हणाली. आवाज स्वच्छ होता. "ताप डोक्यात गेला. तीन दिवसांत गेली."

बाईंनी दुसऱ्या पोरीवर, त्या अर्ध्या तोंडावर बोट ठेवलं. "आणि ही?"

"ही धाकटी. ही बाहेर आहे."

"बाहेर का, आई?"

"मीच ठेवली." आई फोटोकडेच बघत होती. "तोंड तेच ना गं. हसली की काळजात सुरी फिरायची. माझ्या ताईकडे पाठवून दिली. वर्षभरानं एका दुपारी चारला ताई घेऊन आली, म्हणाली, पोरगी झुरतेय, आता आत घे. मी दार उघडलं आणि ती हसली माझ्याकडे बघून. मी दार लावून घेतलं."

"मग?"

"संध्याकाळी तिचे बाबा आले. त्यांनी घेतली आत. मी नाही घेतली." आईनं मान वर केली. पण तिची नजर लेकीवर थांबली नाही, तिच्या खांद्यावरून दाराकडे गेली. "तेव्हापासून उभी आहे. दमली असेल."

घड्याळात चार वाजायला आले होते. इतके दिवस बाई उठत आणि दार उघडत. चुकत होतं ते हेच. दार त्यांनी उघडून उपयोगच नव्हता. उघडायचं आईनं, आणि बाहेर उभं राहायचं त्यांनी.

त्यांनी आईला उभं केलं, काठी हातात दिली, पलंगापासून दारापर्यंतच्या वाटेतली खुर्ची आणि पायपुसणं बाजूला केलं. भिंतीशी धरायला जागा आहे ना, बघितलं. मग त्या बाहेर गेल्या आणि दार ओढून घेतलं; ओढलं की त्याचं कुलूप आपोआप लागे.

जिना तोच, कठडा तोच. कडीजवळ पांढऱ्याचा टवका उडालेला होता आणि खाली तपकिरी रंग होता. बाहेरच्या बाजूनं, बंद दारासमोर, इतक्या जवळ त्या कधी उभ्याच राहिल्या नव्हत्या. किल्ली लावायची आणि आत जायचं. आता किल्ली आत होती. स्वप्नातलं दार ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. नवल म्हणजे भीती वाटली नाही. दोन वर्षं या जिन्यावर जे कुणी उभं असल्यासारखं वाटे, त्याची जागा बरोबर इथेच होती, आणि ती जागा आता भरली होती.

धाकटीनं दार वाजवलं. खाली, जिथे लहान मुलाचा हात पोचतो तिथे.

आतून काठीचा आवाज आला. एक पाऊल. मग बराच वेळ काही नाही. तिला वाटलं, पडली का? आत धावायचं मनात आलं आणि किल्ली नाही हे आठवलं, आणि ती उभी राहिली. उभं राहायची तिला सवय होती. पुन्हा काठी. कुलपाच्या आतल्या खटक्याशी चाललेली बोटांची खुडबुड. खटका जड होता, आईच्या हातात जोर नव्हता, तो दोनदा सुटला.

दार बोटभर उघडलं. फटीत एक डोळा दिसला.

धाकटी हसली. हसू नये असं तिनं ठरवलं होतं, ही खळी पुढे करू नये असं ठरवलं होतं, पण हसू आलं त्याला ती तरी काय करणार. तो डोळा तिच्या डाव्या गालावर खिळला. दार तसंच राहिलं, ना पुढे, ना मागे.

मग ते उघडलं. पूर्ण, भिंतीला लागेपर्यंत. आईनं काठी टाकून दिली, दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं आणि त्या तोंडाकडे बघत राहिली. वेणी घालताना, ताट वाढताना, आजारपणात, आयुष्यात कधी बघितलं नव्हतं तसं.

"किती वेळ उभी आहेस गं?" आईनं विचारलं.

"आत्ताच आले," ती म्हणाली.